जुना भगंदर आणि कर्करोग

गुदद्वाराजवळ फोड येतो, फुटतो, पू वाहून गेला की ठणका थांबतो आणि काही दिवसांनी तिथेच पुन्हा भरतो. आत नळी तयार झाल्याची ही खूण. तिचे एक तोंड गुदमार्गात, दुसरे बाहेर कातडीवर. हाच भगंदर. बोलण्यात त्यालाही सरसकट मूळव्याध म्हटले जाते आणि पहिली गफलत तिथेच होते.

बहुतेक भगंदर गुदमार्गातील बारीक ग्रंथींत पू झाल्याने होतात, काही क्षयामुळे होतात. थोडे मात्र आतड्याच्या जुनाट दाहातून, मुख्यतः क्रोनच्या रोगातून उद्भवतात. न्यूयॉर्कच्या बरिल क्रोन आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी १९३२ साली या रोगाचे वर्णन केले. त्यात आतड्याची भिंत आरपार सुजते, त्यामुळे नळ्या पडतात आणि त्यांना फाटे फुटतात. सुश्रुताने भगंदराच्या एका प्रकाराला शंबूकावर्त, म्हणजे शंखाच्या वेढ्यासारखा, असे नाव दिले आहे; अशा नळ्या ज्याने उघडून पाहिल्या त्याला ते नाव चपखल वाटेल. भारतात क्रोनचा रोग आणि आतड्याचा क्षय ओळखताना गल्लत होते, आणि खरे निदान व्हायला वेळ लागतो.

क्रोनच्या अशा भगंदरात कर्करोग होणे दुर्मीळच. शंभरातल्या एकालाही तो होत नाही. झालाच तर बहुधा नळी दहा-दहा वर्षे वाहत राहिल्यावर. जखम भरू पाहते, पुन्हा चिघळते, पेशी सतत नव्या होत राहतात आणि त्यात कधीतरी बिघाड होतो. भाजल्याच्या जुन्या व्रणातही असेच घडते; त्या व्रणांना फ्रेंच शल्यविशारद मार्जोलिन यांचे नाव आहे. भगंदराची नळी आतड्याचे अस्तर आणि कातडी यांना जोडते, म्हणून कर्करोगही दोन जातींचा आढळतो : अस्तरातल्या ग्रंथींचा किंवा कातडीसारख्या पेशींचा.

खरी अडचण ओळखण्याची. पू, दुखणे, डाग हे सगळे रुग्णाच्या अंगवळणी पडलेले असते. त्यामुळे लक्षणापेक्षा लक्षणातला बदल महत्त्वाचा. एरवी सोसवणारे दुखणे बसू देईनासे होते, पुवाऐवजी बुळबुळीत किंवा रक्ताळलेला स्राव येतो, नळीभोवती टणक गाठ लागते, शौचाची वाट अरुंद होते. जांघेत गाठ येणे नुसत्या पुवानेही घडते, पण तीही तपासावी लागते.

ऊसतोडीला जाणाऱ्यांच्या बाबतीत उपचारच सलग होत नाहीत. माजलगावच्या धरणाने परिसरात ऊस आणला, तरी बीड जिल्ह्यातले कोयते, म्हणजे ऊसतोड मजूर, दरवर्षी पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातातच. साध्या भगंदरात क्षारसूत्र, म्हणजे औषधी दोरा, बांधले तर ते साधारण आठवड्याला बदलावे लागते. मजुरीची आगाऊ उचल घेतलेल्या माणसाला उसाच्या फडातून तसे परत येता येत नाही. क्रोनच्या रुग्णाला तर दाह आटोक्यात ठेवणारी औषधे वर्षानुवर्षे लागतात. उपचार असे तुटत गेले की नळीचे वय वाढते, आणि ती केव्हा सुरू झाली हेही कुठल्या कागदावर राहत नाही.

शंका आल्यावर नुसत्या बाहेरच्या तपासणीवर भागत नाही. दुखण्यामुळे बोट घालून तपासणेही अशक्य होते. भूल देऊन नळी खरवडतात, वेगवेगळ्या ठिकाणचे तुकडे काढून तपासायला पाठवतात, एमआरआय करतात. एक तुकडा निर्दोष आला म्हणून कर्करोग नाही असे ठरत नाही. शंका टिकली तर तपासणी पुन्हा करावी लागते. माजलगाव भागातून अंबाजोगाईचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय गाठता येते. कर्करोगाच्या उपचारासाठी बार्शीचे नर्गिस दत्त रुग्णालय किंवा छत्रपती संभाजीनगरचे शासकीय कर्करोग रुग्णालय आहे.

निदान पक्के झाल्यावर बहुधा आधी किरणोपचार आणि केमोथेरपी देतात. नंतर गुदाशय व गुदद्वार काढून शौचाची वाट पोटावर कायमची करावी लागते. तिथे पिशवी लावतात आणि ती कशी बदलायची ते घरच्यांनाही शिकवतात.