कांच घासणाऱ्यांची टेकडी

दुर्बीण म्हटली कीं सामान्य गृहस्थाच्या मनांत दोन गोष्टी एकदम उभ्या राहतात. पहिली तिची किंमत आणि दुसरी ती हाताळणारा विद्वान. या दोहोंपैकीं एकही आपल्यापाशीं नाहीं असें मनाशीं ठरवून तो गच्चीवरून दिसेल तेवढ्या चांदण्यावर समाधान मानतो आणि खालीं उतरतो. सुमारें शंभर वर्षांपूर्वीं अमेरिकेंतील एका लहानशा गांवांत कारखान्यांतल्या कांहीं कामगारांनीं असें समाधान मानण्याचें नाकारलें. त्यांच्या मंडळाची कीर्ति कोणत्याही मोठ्या शोधावर उभी नाहीं. त्यांनीं कांचेच्या दोन तबकड्या एकमेकींवर घासल्या आणि दुसऱ्यांना घासावयास शिकविलें, एवढ्यावरच ती उभी आहे.

हें गांव म्हणजे अमेरिकेच्या ईशान्य कोपऱ्यांतील व्हर्माँट संस्थानांतलें स्प्रिंगफील्ड. प्रदेश डोंगराळ, हिवाळा कडक आणि गांवाचा मुख्य उद्योग यंत्रें घडविणारीं यंत्रें तयार करण्याचा. तेथील जोन्स आणि लॅमसन या कारखान्याचे प्रमुख जेम्स हार्टनेस हे स्वतः आकाशाचे नादी होते. पुढें १९२१ ते १९२३ या काळांत ते व्हर्माँटचे गव्हर्नरही झाले. त्यांनीं १९१९ सालीं एका माणसाला आपल्या कारखान्यांत बोलावून घेतलें. त्याचें नांव रसेल पोर्टर. पोर्टर त्याच गांवचा, जन्म १८७१ चा. बोस्टनकडे वास्तुविद्या शिकलेला, हाताचा चित्रकार आणि तारुण्याचीं कित्येक वर्षें उत्तर ध्रुवाकडील मोहिमांत घालविलेला. बर्फाच्या त्या ओसाड मुलखांत आपण कोठें आहों हें सांगणारे सोबती म्हणजे सूर्य आणि तारे. ज्यानें त्यांच्यावर आपला जीव सोंपविला, त्याला आकाश हा करमणुकीचा विषय वाटणें शक्य नव्हतें.

कारखान्यांत पोर्टरचें काम स्क्रूच्या आट्यांची पारख करणाऱ्या यंत्राचें होतें. प्रकाश टाकून आट्याची सावली मोठी करावयाची आणि त्या सावलींत खोट शोधावयाची, अशी त्याची युक्ति. सभोंवतीं काम करणारे लोकही असेच. इंचाचा हजारावा भाग ही त्यांची रोजची भाषा. तेव्हां १९२० सालीं पोर्टरनें दुर्बिणीचा आरसा स्वतःच्या हातांनीं तयार करण्याचा वर्ग काढला, त्या वेळीं पंधरा पुरुष आणि एक स्त्री अशीं सोळा माणसें जमलीं यांत नवल नाहीं. बहुतेक जण कारखान्यांतलेच होते. दिवसभर लोखंडाशीं झुंजून आलेल्या माणसानें रात्रीं पुन्हां कांचेशीं झुंजावें, यावरूनच त्या ओढीची कल्पना येते.

आरसा करण्याची ही रीत एकदां समजून घेण्याजोगी आहे. कारण मंडळाचें सारें मर्म तिच्यांत आहे. सहा इंच रुंदीच्या जाड कांचेच्या दोन सपाट तबकड्या घ्यावयाच्या. एक पिंपावर पक्की बसवावयाची, तिच्यावर कार्बोरंडमची खरखरीत पूड आणि थोडें पाणी घालावयाचें आणि दुसरी तिच्यावर ठेवून पुढें-मागें घासावयाची. वरची तबकडी घासतांना कडेबाहेर जाते, त्यामुळें तिचा मध्यभाग अधिक झिजतो आणि खालचीच्या कडा झिजतात. वरची खोलगट होत जाते, खालची फुगीर. घासणारा चार-सहा हात मारून एक पाऊल सरकतो, तबकडीही थोडी फिरवितो आणि असा पिंपाभोंवतीं तासन्‌ तास प्रदक्षिणा घालतो. या प्रदक्षिणेंतच खुबी आहे. कोणाचाही हात दर वेळीं सारखा पडत नाहीं. पण हजारों घासांत त्या चुका सगळ्या दिशांना सारख्या वांटल्या जाऊन एकमेकींना मारतात. दोन पृष्ठभाग कोणत्याही बाजूनें सरकविले तरी एकमेकांशीं चिकटून राहावयाचे असतील, तर ते गोलाचेच भाग असावे लागतात. म्हणून अचूक यंत्रावांचून, निव्वळ चालण्यानें आणि घासण्यानें, अचूक गोलाई आपोआप येते.

पूड क्रमानें बारीक करीत न्यावयाची. शेवटीं खालच्या तबकडीवर पिच नांवाच्या राळेचा थर देऊन लोहभस्माच्या तांबड्या पुडीनें कांचेला झिलई आणावयाची. एवढा खटाटोप करून मध्यभागीं खोली किती येते? नेहमींच्या सहा इंची आरशांत इंचाचा विसावा हिस्सा. पण खरी कसोटी त्यापुढें आहे. गोलाच्या आकाराचा आरसा ताऱ्याचे सगळे किरण एका बिंदूंत आणीत नाहीं. त्यासाठीं त्याचा मध्य किंचित्‌ अधिक खोल करून अन्वस्ताचा आकार द्यावा लागतो आणि हा फरक असतो इंचाच्या सुमारें लाखाव्या हिश्श्याएवढा! हजारावा भाग मोजणाऱ्या कारागिराला येथें आपलीं हत्यारें बाजूला ठेवावीं लागत.

ती पारख करण्याची युक्ति फूको या फ्रेंच शास्त्रज्ञानें १८५८ च्या सुमारास दिली होती. अंधाऱ्या खोलींत दिव्यापुढें सुईनें पाडलेलें छिद्र ठेवावयाचें. आरशावरून परत आलेला प्रकाश जेथें एकत्र होतो तेथें दाढीच्या पात्याची धार हळूच सरकवावयाची आणि धारेमागून आरशाकडे पाहावयाचें. जो उंचवटा कोणत्याही मापानें कळला नसता, तो डोंगरासारखा छायाप्रकाशांत उभा राहतो. नवशिक्याला खात्री पटविण्यासाठीं एक प्रयोग करीत. कांचेवर अंगठा थोडा वेळ टेंकवावयाचा आणि मग पाहावयाचें. अंगठ्याच्या ऊबेनें कांच तेवढ्यापुरती फुगते आणि फुगवटा स्पष्ट दिसतो. तो निवेपर्यंत वाट पाहण्यावांचून गत्यंतर नसतें. घाईच्या माणसाला ही विद्या कां वश होत नाहीं, हें त्या एका अंगठ्यानें कळतें.

शेवटीं आरशावर चांदीचा मुलामा. मग लांकडाची नळी, जुन्या यंत्रांतले लोखंडी तुकडे आणि एक रात्र. सहा इंची आरसा अंधाराला सरावलेल्या डोळ्याच्या बाहुलीपेक्षां सुमारें पांचशें पट प्रकाश गोळा करतो. शनीचीं कडीं, गुरूचे चंद्र, चंद्रावरील डोंगरांच्या लांबट सावल्या हें सारें पुस्तकांतून उठून समोर येतें. विकतच्या दुर्बिणींतूनही तें येतें, हें खरें. पण ज्याच्या बोटांना त्या कांचेची खरखर माहीत आहे, त्याचें पाहणें वेगळें असतें, असें हे लोक मानीत. आणि त्यांचें म्हणणें खोडून काढणें कठीण आहे.

७ डिसेंबर १९२३ रोजीं या मंडळींनीं ‘स्प्रिंगफील्डचे दुर्बीण करणारे’ या सरळसाध्या नांवाचें मंडळ स्थापन केलें आणि पोर्टर त्याचा अध्यक्ष झाला. गांवाजवळच्या ब्रीझी हिल टेकडीवर पोर्टरची जागा होती. तेथें सभासदांनीं स्वतःच्या हातांनीं एक लांकडी घर बांधलें. नांव ठेवलें ‘स्टेलाफेन’, म्हणजे ताऱ्यांचें देवालय. आणि देवालयाला रंग दिला चक्क गुलाबी! रसिकांनीं नाक मुरडावें असाच तो रंग आहे; पण घर अद्याप गुलाबीच आहे. पुढें १९३० सालीं शेजारीं एक विलक्षण वेधशाळा उभी राहिली. तिचा घुमट दुर्बिणीसकट फिरतो आणि पाहणारा आंत बसून, बाहेरची हाडें गोठविणारी थंडी न सोसतां, आकाश पाहतो. ध्रुवाकडे राहून आलेल्या माणसाला ऊबेची किंमत कोणी शिकवावयास नको होती.

मंडळाचा नियम एकच आणि कडक होता. ज्यानें स्वतःच्या हातानें आरसा केला, तोच पूर्ण सभासद. पैसा, पदवी, हुद्दा यांपैकीं कशानेंही ही अट सुटत नसे. वरवर पाहतां हा नियम लोकांना दूर ठेवणारा वाटतो. आकाशाची खरी आवड असून हात चालत नाहींत, अशा माणसानें काय करावें, हा आक्षेप योग्यच आहे. पण वर्गणी भरून सभासद झालेल्या माणसांच्या मंडळांचें काय होतें, हें आपल्याकडील कोणत्याही वाचनालयाच्या चिटणीसाला विचारावें. या मंडळांत बघे शिरूं शकले नाहींत. म्हणून तें टिकलें.

ही वार्ता बाहेर फुटली ती एका संपादकामुळें. ‘सायंटिफिक अमेरिकन’ या मासिकाचे आल्बर्ट इंगल्स यांच्या वाचनांत पोर्टरचा एक जुना लेख आला. ते १९२५ सालीं स्प्रिंगफील्डला जाऊन टेकडी पाहून आले आणि नोव्हेंबरच्या अंकांत त्यांनीं तिच्याविषयीं लिहिलें. वाचकांच्या पत्रांचा ओघ सुरू झाला; सर्वांची मागणी एकच, आम्हांला रीत सांगा. रीत सांगणारें पुस्तक १९२६ सालीं निघालें आणि त्याच वर्षीं ३ जुलै रोजीं टेकडीवर पहिलें संमेलन भरलें. आले सुमारें वीस जण. कोणी कोणाला पूर्वीं पाहिलेलें नव्हतें. ओळख पटली ती परस्परांच्या दुर्बिणींवरून.

तेव्हांपासून उन्हाळ्यांतील चंद्र नसलेल्या रात्रींच्या सुमारास हें संमेलन भरत आलें आहे. दुसऱ्या महायुद्धांत तें बंद होतें. पण हात स्वस्थ नव्हते. लष्करी दुर्बिणींना लागणारे, छपरासारख्या दोन बाजू अचूक काटकोनांत मिळणारे लोलक कारखान्यांना पुरेसे करतां येईनात. तेव्हां इंगल्स आणि पोर्टर यांच्या पुढाकारानें अमेरिकेंतील हौशी आरसेवाल्यांनीं ते आपल्या घरांतून करून दिले.

संमेलनाचा दिवस दुपारीं सुरू होतो. गवतावर दुर्बिणींच्या ओळी मांडल्या जातात. कोणाची चकचकीत पितळेची, कोणाची जुन्या नळाची. परीक्षक कारागिरी तपासतात, बक्षिसें देतात. पण खरी परीक्षा जमलेल्यांच्या प्रश्नांची. कडेला खोट कां राहिली, पिच किती मऊ ठेवला, हे प्रश्न विचारणाऱ्यांत डॉक्टर असतो, शाळकरी मुलगा असतो आणि उत्तर देणारा बहुधा वयानें लहान असला तरी कोणाला कमीपणा वाटत नाहीं. संध्याकाळीं मोकळ्या जागेंत व्याख्यानें होतात. काळोख पडला कीं दिवे बंद करावयाचे, हा तेथील शिष्टाचार. आणि ढग आले तर? तर पुन्हां कांचेच्या गोष्टी. कित्येकांच्या मतें त्याच अधिक रंगतात.

पोर्टर मात्र १९२८ च्या अखेरीस टेकडी सोडून कॅलिफोर्नियांत गेला. पालोमार पर्वतावरील दोनशें इंची दुर्बिणीच्या कामावर खगोलशास्त्रज्ञ जॉर्ज हेल यांनीं त्याला बोलाविलें होतें. ती दुर्बीण लोखंडांत उतरण्यापूर्वीं पोर्टरच्या चित्रांत उतरली. तिच्या आंतील प्रत्येक भाग कापून दाखविणारीं तीं चित्रें अजून अभियंते कौतुकानें पाहतात. तो गेल्यावर मंडळ मोडेल अशी भीति वाटणें साहजिक होतें, परंतु त्यानें प्रत्येकाच्या हातांत आरसा दिला होता. त्याच्यावांचून ज्याचें अडावें असा कोणी उरला नव्हता. दोनशें इंची दुर्बिणीचें उद्घाटन ३ जून १९४८ रोजीं झालें आणि पुढील वर्षाच्या फेब्रुवारींत पोर्टर वारला.

टेकडीला १९८९ सालीं अमेरिकन सरकारनें राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा मान दिला. संमेलनाला वीसांच्या जागीं शेंकड्यांनीं माणसें येऊं लागलीं, त्याला आतां कित्येक वर्षें झालीं. इकडे पुण्यांत १९४४ च्या ऑगस्टमध्यें ज्योतिर्विद्या परिसंस्था स्थापन झाली. पुढें त्याच शहरांत आयुका या संस्थेनें शिक्षकांसाठीं आणि विद्यार्थ्यांसाठीं आरसे घासण्याचीं शिबिरें भरविलीं. कार्बोरंडम तेंच, पिच तोच आणि पिंपाभोंवतींची प्रदक्षिणाही तीच. घासणारा चार हात मारतो, एक पाऊल सरकतो आणि कांचेचा आवाज बदलला कीं नाहीं हें कान देऊन ऐकतो.