देहाची वेदना, मनाची व्यथा



नेरळहून परळच्या टाटा रुग्णालयाची वाट आपल्यातील अनेक कुटुंबांना ठाऊक आहे. माझ्या वडील बंधूंचा कर्करोग बळावला, तेव्हा आम्ही दाराआड कुजबुजत असू. त्यांची झोप उडाली, वेदना वाढल्या. एके रात्री त्यांनी विचारले, “माझ्यामागे मुलांचे कसे होईल?” मी हात हाती घेऊन मोकळेपणाने बोललो. वेदना गेली नाही. परंतु त्या रात्री ते झोपले.

भय व खिन्नता यांमुळे वेदना आणि धाप अधिक असह्य होतात. वेदनेने मन पुन्हा खचते. १९६७ साली लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर शुश्रूषागृह काढणाऱ्या सिसिली साँडर्स यांनी हेच शिकविले. म्हणून औषधे नियमित द्यावीत, मनाची व्यथाही डॉक्टरांस सांगावी आणि रुग्णापाशी बसावे, हीच माझी विनंती.