पाणी बाहेर, वारा आत



दर्या खवळला म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे डोंगराएवढी लाट येते. होडी हाकणाऱ्याला विचारा. तो उंचीचं फारसं बोलणार नाही. दोन लाटांमध्ये जागा किती, ते सांगेल. दीड मीटरची लाट दहा-बारा सेकंदांनी एक अशी आली, तर होडी पाळण्यासारखी वरखाली होते. तीच चार सेकंदांनी यायला लागली की एका लाटेवरून उतरायच्या आत नाळ पुढच्या लाटेत घुसते आणि पाणी थेट मांडीवर.

लाट वारा उठवतो. वारा किती जोराचा, किती वेळ वाहिला आणि त्याला मोकळं पाणी किती लांबवर मिळालं, यावर तिचं आकारमान ठरतं. जवळच्या वाऱ्याची लाट आखूड आणि उभी असते. दूरच्या वादळातून निघालेली लाट प्रवासात लांब होत जाते. थेट दक्षिण महासागरातून निघालेल्या अशा लाटा केरळच्या किनाऱ्यावर वारा पडलेला असतानाही अचानक चढून येतात. तिथले कोळी त्याला ‘कल्लक्कडल’ म्हणतात, म्हणजे चोरपावलांनी येणारा समुद्र. हैदराबादचं महासागर माहिती सेवा केंद्र त्याचे इशारे देतं. खोल पाण्यात ही लाट कळतही नाही. पाणी उथळ झालं की मात्र तिचा पाय तळाला अडखळतो, ती उभी राहते आणि फुटते.

कोकणातल्या बऱ्याच खाड्यांच्या तोंडाशी वाळूचा बांध असतो. लाटेला अडखळायला त्याहून चांगली जागा नाही. त्यात ओहोटीचं पाणी जोरात बाहेर पडत असेल आणि वारा समुद्राकडून आत येत असेल, तर समोरच्या प्रवाहामुळे लाटा आखडतात, एकीला एक चिकटतात, उंच होतात. बाहेर गुडघाभर वाटणारी लाट तिथे छातीला लागते.

आता आपल्याकडचा जुना हिशेब पाहा. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. अष्टमीला सहा, पुनवेला सव्वाअकरा. हिशेब ढोबळ आहे, पण बहुतेक वेळा कामाला येतो. म्हणजे उधाणाच्या दिवसांत भरती दुपारी, आणि सुकतीचं पाणी सर्वांत वेगाने धावतं ते दोन-तीनच्या सुमारास. हिवाळ्या-उन्हाळ्यात पहाटेचे मतलई वारे तोवर कधीच पडलेले असतात आणि खारा वारा अगदी ऐन जोरात असतो. पुनवेची दुपार खाडीच्या तोंडाशी वाईट का, याला वेगळं कारण शोधायला नको.

लहानपणी एकदा अशाच दुपारी आम्ही मासे घेऊन परतत होतो. बांधाजवळ आलो तर पुढे सगळं गुळगुळीत. मी म्हटलं, ‘नाना, शांत आहे की!’ आमचा म्हातारा तांडेल काही बोलला नाही. नारळाचं एक सोडण त्याने पाण्यात टाकलं. काठीवरचा बावटा खाडीकडे फडफडत होता आणि सोडण बावट्याच्या उलट, वाऱ्याच्या तोंडावर, दर्याकडे निघालं होतं. ‘आपण लाटेची पाठ बघतोय, पोरा. तोंड तिकडे आहे,’ एवढंच तो म्हणाला. फुटणारी लाट समुद्राकडून कधी दिसत नाही, फेस पलीकडच्या बाजूला असतो. मी नीट पाहिलं, तर त्या गुळगुळीत पाठींच्या वरून मधूनमधून तुषार उडत होते.

आम्ही डोंगराच्या आडोशाला नांगर टाकला. बर्फ वितळत होता, मासळीचा भाव उतरत होता, नाना विडी ओढत होता. साडेसहाला वारा पडला, पाणी चढायला लागलं, आणि आम्ही त्याच जागेवरून एकही थेंब अंगावर न घेता आत आलो.