वाचा गेली, समज राहिली



चाळीस वर्षें शाळेंत शिकविल्यावर माझी अशी समजूत झाली होती, कीं उत्तर न देणाऱ्या मुलास धडा समजलेलाच नसतो. माझ्या थोरल्या बंधूंच्या आजारानें ती खोटी ठरविली.

एके सकाळीं चहा घेतांना त्यांच्या उजव्या हातांतून पेला निसटला, तोंड वांकडें झालें आणि शब्द अडखळूं लागले. पित्त झालें असेल, असें म्हणून आम्हीं त्यांस निजविलें. रुग्णालयांत नेलें तें तिसऱ्या प्रहरीं.

तो पक्षाघात होता. मेंदूचें वजन शरीराच्या सुमारें पन्नासाव्या हिश्शाइतकें. परंतु शरीरास लागणाऱ्या प्राणवायूचा जवळजवळ पांचवा हिस्सा तो एकटा घेतो. प्राणवायूची शिल्लक मात्र त्याजपाशीं नसते. रक्ताची गुठळी अडकली किंवा रक्तवाहिनी फुटली, कीं कांहीं मिनिटांतच तेथील पेशी मरूं लागतात. मेंदूंतून निघणारे बहुतेक मज्जातंतू खालीं येतांना बाजू बदलतात. म्हणून डाव्या मेंदूस इजा झाली, तर उजवें अंग लुळें पडतें.

बहुतेकांची वाचाहि डाव्या मेंदूंतच वसते. १८६१ सालीं पॅरिस येथें पॉल ब्रोका ह्या शस्त्रवैद्यानें वाचा गेलेल्या एका रोग्याचा मेंदू मृत्यूनंतर तपासला. 'तां' ह्या उच्चाराखेरीज त्याला जवळजवळ कांहींच बोलतां येत नसे. दुसऱ्याचें बोलणें मात्र बरेचसें समजे. इजा सांपडली ती डाव्या मेंदूच्या पुढल्या भागांत. १८७४ सालीं कार्ल वेर्निके ह्यांनीं दुसरा प्रकार वर्णिला: त्यांत शब्द भराभर येतात, पण अर्थाचा मेळ बसत नाहीं, आणि दुसऱ्याचें बोलणेंहि नीट समजत नाहीं.

बंधूंचा प्रकार पहिला. त्यांना केवळ 'हो, हो' म्हणतां येई. आम्ही त्यांच्या उशाशीं बसून औषधपाण्याचा खर्च आणि शुश्रूषेचा त्रास मोकळेपणीं बोलत असूं. एके दिवशीं त्यांनीं डाव्या हातानें पांघरूण तोंडावर ओढून घेतलें, तेव्हां आमचे डोळे उघडले.

म्हणून दोन गोष्टी ध्यानांत ठेवाव्या. तोंड वांकडें होणें, एक हात गळणें, वाचा अडखळणें, यांतील एकहि लक्षण एकाएकीं दिसलें, तर वेळ टिपून रोग्यास तत्काळ मोठ्या रुग्णालयांत न्यावें. तोंडानें कांहींहि देऊं नये. गुठळी विरघळविणारें औषध साधारणतः पहिल्या साडेचार तासांतच देतां येतें, आणि तेंहि मेंदूचा स्कॅन काढून रक्तस्राव नसल्याची खात्री झाल्यावर. दुसरी गोष्ट अशी, कीं वाचा गेलेल्या माणसाशीं सावकाश, लहान वाक्यांत बोलावें, उत्तरास अवकाश द्यावा, आणि तो जणूं तेथें नाहींच असें त्याच्यासमोर कधींहि बोलूं नये.

आम्हीं दवडलेली ती सकाळ परत येणार नाहीं. आपल्या घरीं ती दवडली जाऊं नये, एवढ्यासाठींच ही हकीकत सांगितली.