म्हैसूरच्या महाराजांनी जतन केलेली जर्मन गीते



सुवर्णमहोत्सवानिमित्त म्हैसूरविषयी चार शब्द बोलावेत, अशी कार्यकारिणीची आज्ञा झाली. दसरा, अंबारी, वृंदावन बाग हे आपणा सर्वांच्या नित्य परिचयाचे. म्हणून आम्ही येथील राजवाड्याने साता समुद्रांपलीकडे केलेल्या एका साहाय्याची हकीकत निवडली आहे.

जयचामराज वाडियार 1940 साली, वयाच्या एकविसाव्या वर्षी गादीवर आले. पियानोवादक होण्याची त्यांची आकांक्षा राज्यकारभारामुळे मागे पडली. तथापि 1945 साली लंडनच्या गिल्डहॉल संगीतविद्यालयाची पदविका त्यांनी मिळविली. पुढे याच गृहस्थांनी कर्नाटक संगीतात चौऱ्याण्णव कृती रचल्या! त्यांच्या ग्रंथालयाशेजारी शोभेल असा ध्वनिमुद्रिकांचा संग्रह होता. त्यांची संख्या सुमारे 20,000 सांगितली जाते.

त्यांच्या मनात भरलेला रचनाकार होता निकोलाय मेट्नर. जन्म 1880 चा, मॉस्कोतला. घराणे मूळचे जर्मन. 1921 साली त्याने रशिया सोडला आणि 1935 पासून तो लंडनला राहिला. एकोणिसाव्या शतकातील स्वच्छंदतावादी संगीताशी तो एकनिष्ठ होता, आणि नेमकी हीच निष्ठा त्या काळात कालबाह्य ठरली होती. त्यात हृदयविकार जडला. अशा माणसाचे संगीत त्याच्याच हातून मुद्रित व्हावे म्हणून म्हैसूरहून द्रव्य गेले. 'हिज मास्टर्स व्हॉइस'ने मेट्नर सोसायटीच्या नावाने ध्वनिमुद्रिका काढल्या. आपली तिसरी पियानो-कन्चेर्तो ही रचना मेट्नरने महाराजांनाच अर्पण केली आहे.

आम्हांस विशेष वाटते ते त्याच्या गीतांचे. जर्मन 'लीड' म्हणजे काय, हे मराठी माणसास समजावणे अवघड नाही. ना. घ. देशपांडे यांची कविता गो. ना. जोशी यांनी गायिली आणि तबकडीने ती घरोघर नेली. कवीचा शब्द, त्याला साजेशी चाल आणि तबकडीच्या एका बाजूत मावणारा अवधी. भेद आहे तो साथीत. आपली पेटी गळ्याच्या मागून चालते. तेथे पियानो गायकाच्या बरोबरीने बोलतो, प्रसंगी त्याला उत्तरही देतो. मेट्नरच्या गीतांत तर पियानोवर इतका भार आहे की, तो कसा वाजवावा हे स्वरलिपीवरून पुरते उमगत नाही. रचनाकाराचाच हात ऐकावा लागतो.

1950 साली लंडनमध्ये तो योग जुळला. एलिझाबेथ श्वार्त्सकॉप्फ या गायिकेने गीते गायिली आणि सत्तरीच्या मेट्नरने साथ केली. काही गीते गटेच्या काव्यावरची. कालिदासाच्या शाकुंतलाने मोहून गेलेला हाच तो गटे. 13 नोव्हेंबर 1951 रोजी मेट्नर निवर्तला. आणखी दीड वर्ष दिरंगाई झाली असती, तर ही साथ कायमची मुकी झाली असती.

1950 सालीच, 22 मे रोजी, रिखार्ड स्ट्राउसची अखेरची चार गीते लंडनला प्रथम गायिली गेली. वाद्यवृंदासह गायिलेल्या त्या कार्यक्रमाचीही आर्थिक हमी महाराजांचीच होती. स्वतः ते उपस्थित नव्हते, म्हणून त्याचे मुद्रण म्हैसूरला पाठविण्याची व्यवस्था झाली.

हा खर्च योग्य होता काय? प्रश्न गैरलागू नव्हे. 1947 साली लंडनमध्ये मेट्नरचे मुद्रण चालू असता इकडे 'म्हैसूर चलो' आंदोलनात लोक जबाबदार राज्यपद्धतीसाठी तुरुंगात जात होते. राजवाड्याची संपत्ती अखेर कोणाच्या घामाची, हे त्यांनी विचारले तर त्यांचे काय चुकले? आमचे मत असे की, आंदोलकांची मागणी न्याय्यच होती आणि महाराजांनी तेवढ्या द्रव्याचा केलेला विनियोगही सार्थ होता. तेवढ्यात एखादी मोटारगाडी आली असती, आणि ती एव्हाना मोडीत निघाली असती.

मेट्नरची गीते रशियात जन्मलेल्या माणसाची, भाषा पूर्वजांची, मुद्रण इंग्लंडातले आणि पैसा कावेरीकाठचा. परमुलखात घरची भाषा सांभाळणाऱ्या आपणांस यातले काही वेगळे समजावून सांगावे लागू नये.

आपल्या मंडळातही जात्यावरच्या ओव्या आणि भोंडल्याची गाणी जुन्या चालीत म्हणणाऱ्या भगिनी आता मोजक्याच उरल्या आहेत. त्यांना महाराजांची तिजोरी नको, खिशातला फोन पुरेसा आहे. येत्या नवरात्रात हे मुद्रण व्हावे, आणि प्रत्येक गाण्यासोबत म्हणणारीचे नाव, तिचे माहेर व ते गाणे तिने कोणाकडून घेतले, याची नोंद व्हावी, अशी आम्ही कार्यकारिणीस विनंती करतो.