हरकत घ्यायची तर भिंत पडण्याआधी

(डहाणू-तलासरी परिसरातल्या तरुणांसमोर केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



आजचा विषय ऐकायला कोरडा वाटेल. घरं आणि दुकानं कशी बांधायची याचे नियम सरकार कसं तपासतं आणि कसं बदलतं, यावर मला बोलायचं आहे. आपल्या मोहल्ल्यात बांधकामाच्या नियमांचा विषय निघाला की दोनच गोष्टी डोळ्यांसमोर येतात: टेबलाखालून द्यावा लागणारा पैसा आणि दारात येऊन उभा राहिलेला बुलडोझर. रात्री झोपेत डोक्यावर छप्पर कोसळलं नाही, तेही या नियमांमुळेच, हे कुणाला आठवत नाही. मला त्याबद्दल बोलायचं आहे.

नोव्हेंबर 2018 पासून डहाणू आणि तलासरी या दोन तालुक्यांत जमीन हलायला लागली. धुंदलवाडी, हळदपाडा ही नावं तेव्हा राज्यभर पोहोचली. 1 फेब्रुवारी 2019 ला 4.1 तीव्रतेचा धक्का बसला. घाबरून घराबाहेर पळताना पडून दोन वर्षांची एक मुलगी दगावली. लोकांनी थंडीच्या रात्री तंबूत काढल्या. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी इथे यंत्रं बसवली. एकच मोठा धक्का न बसता लहान-लहान धक्के सतत बसत राहतात, त्याला ते भूकंपांची मालिका म्हणतात. अशा बहुतेक मालिका मोठा भूकंप न होताच थांबतात. म्हणून मी इथे भीती घालायला आलेलो नाही. पण प्रत्येक धक्क्यानंतर एक प्रश्न उरतो: आपली भिंत हे सोसेल का? आणि ती कशी बांधायची हे कुणी ठरवलं?

देशपातळीवर ते ठरवते भारतीय मानक ब्युरो. भूकंपात टिकणाऱ्या इमारतींचं मूळ मानक म्हणजे आयएस 1893. ते पहिल्यांदा 1962 साली आलं. त्यानंतर 1966, 1970, 1975, 1984, 2002 आणि 2016 साली त्यात सुधारणा झाल्या. या तारखांच्या शेजारी भूकंपांच्या तारखा मांडून बघा. 11 डिसेंबर 1967 ला कोयनेचा भूकंप झाला. दख्खनचा दगड हलत नाही, असं तोवर मानलं जायचं. 1970 च्या नकाशात कोयनेचा भाग वरच्या धोक्याच्या पट्ट्यात गेला. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारी हादरलं आणि हजारो माणसं दगड-मातीच्या जाड भिंतींखाली आणि माळवदांखाली गाडली गेली. सरकारी नकाशावर किल्लारी तेव्हा सगळ्यात कमी धोक्याच्या पट्ट्यात होतं. 2002 साली तो पहिला पट्टाच नकाशावरून काढून टाकला आणि लातूरचा तो भाग तिसऱ्या पट्ट्यात घेतला. 2002 च्या त्या नकाशात आपला किनाराही तिसऱ्या पट्ट्यातच होता, म्हणजे मध्यम धोक्याचा.

किल्लारीची आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. मोठ्या भूकंपाच्या वर्षभर आधी, 1992 च्या ऑक्टोबरात, तिथेही लहान धक्के बसत होते. लोकांनी आरडाओरडा केला होता. पण नियमाच्या पुस्तकापर्यंत तो आवाज पोहोचला नाही. पुस्तक बदललं ते माणसं गेल्यावर.

नियम वेळेत बदलला तर काय होतं, हे जपानने दाखवलं. 1978 च्या मियागी भूकंपानंतर त्यांनी 1981 साली बांधकामाचे नियम कडक केले. 1995 साली कोबे शहर हादरलं, तेव्हा 1981 नंतरच्या इमारती जुन्यांपेक्षा कितीतरी चांगल्या टिकल्या. उलट तुर्कस्तान बघा. कागदावर नियम चांगले होते. पण 2018 साली सरकारने बेकायदा बांधकामांना पैसे भरून माफी देण्याची योजना काढली. 6 फेब्रुवारी 2023 च्या भूकंपात तिथे 50 हजारांहून जास्त माणसं गेली. माफीच्या कागदाने खांबात लोखंड वाढत नाही. आपल्यालाही हे नवं नाही. 4 एप्रिल 2013 ला मुंब्र्याजवळ शिळफाट्याला लकी कंपाउंडमधली इमारत बांधता बांधताच कोसळली, 74 जण गेले. तिथे तर भूकंपही नव्हता.

आता हे नियम बदलतात कसे ते पाहू. याचे तीन मजले आहेत. वरचा मजला मानक ब्युरोचा. तिथे एक समिती मसुदा तयार करते आणि तो लोकांच्या अभिप्रायासाठी खुला ठेवते. कुणीही मत पाठवू शकतो, त्यासाठी इंजिनिअर असण्याची अट नाही. प्रत्येक मानक पाच वर्षांतून एकदा तरी तपासायचं असतं. पण मानक म्हणजे कायदा नव्हे. राज्य सरकार आपल्या नियमावलीत ते घेतं, तेव्हा ते बंधनकारक होतं. हा दुसरा मजला. महाराष्ट्रात 1966 च्या नगररचना कायद्याखाली नियम बदलायचा असेल, तर सरकारला राजपत्रात आणि वर्तमानपत्रात सूचना द्यावी लागते. साधारण महिनाभर हरकती व सूचना मागवल्या जातात, सुनावणी होते आणि मग मंजुरी मिळते. तिसरा मजला नगरपरिषदेचा, नगरपंचायतीचा, ग्रामपंचायतीचा. नियम प्रत्यक्ष पाळला जातो की फाइलीत राहतो, हे तिथे ठरतं.

यात डहाणूची गोष्ट आणखी वेगळी आहे. 2020 च्या डिसेंबरात राज्याने जवळजवळ सगळ्या महाराष्ट्रासाठी एकच विकास नियंत्रण नियमावली लागू केली. पण केंद्राने पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर केलेले भाग तिच्यातून वगळले. डहाणू तालुका 1991 पासून तसा जाहीर झालेला आहे. म्हणजे तालुक्याच्या हद्दीच्या अलीकडे आणि पलीकडे नियमाचं पुस्तक वेगळं असू शकतं. जमीन मात्र दोन्हीकडे एकदमच हलते. वाढवण बंदराला 2024 साली केंद्राची मंजुरी मिळाली आहे. बंदरामागून गोदामं, गाळे, लॉज, चाळी येतील. त्या कोणत्या पुस्तकाप्रमाणे बांधल्या जातील, हे विचारायची वेळ आत्ता आहे. स्लॅब पडल्यावर विचारून उपयोग नाही.

आणि पाड्यांवरची घरं? कारवीच्या कुडाला माती-शेण लिंपलेलं वारली घर हलकं असतं. ते हलतं, वाकतं, पण त्याची भिंत सहसा माणसाला चिरडत नाही. त्याच्या जागी विटांचं घरकुल उभं राहतं, तेव्हा घरातल्यांना वाटतं की आता आपण सुरक्षित झालो. पण मिस्त्री लिंटेल टाकतो ते फक्त दाराच्या आणि खिडकीच्या डोक्यावर, तुकड्या-तुकड्यांनी. मानक सांगतं की तो काँक्रीटचा पट्टा सगळ्या भिंतींवरून सलग फिरला पाहिजे, कोपऱ्यात लोखंड वळलं पाहिजे, आणि छप्पर कौलांचं किंवा पत्र्याचं असेल तर छपराखालीही पट्टा हवा. सलग पट्टा घर दोरीसारखं बांधून ठेवतो. तो नसेल तर कोपरे उघडतात आणि भिंत आडवी येते. घरकुलाला ठरावीकच पैसे मिळतात. त्यात हा पट्टा बसवायचा कसा, हा इथला खरा प्रश्न आहे. वरच्या समितीत प्राध्यापक असतात, सरकारी अधिकारी असतात, उद्योगाची माणसं असतात. घरकुलवाली बाई आणि मिस्त्री तिथे नसतात. त्यांचं म्हणणं हरकतीच्या अर्जातूनच तिथे पोहोचू शकतं.

तुमच्यातला कुणीतरी म्हणेल, नियम कडक झाले की पहिला हातोडा गरिबावर आणि आपल्यावर पडतो. ही शंका खोटी नाही. म्हणून तर 13 नोव्हेंबर 2024 ला सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं की, आधी नोटीस आणि 15 दिवसांची मुदत दिल्याशिवाय कुणाचं घर पाडता येणार नाही. रस्ता, फूटपाथ, नदीपात्र अशा सार्वजनिक जागेवरच्या बेकायदा बांधकामांना मात्र हे संरक्षण नाही. पण नियमाशी आपली पहिली ओळख पाडकामाच्या नोटिशीतूनच होत असेल, तर नियम कायम दुसऱ्याच्या हातातला दंडुका राहील. ज्याने मसुद्यावर हरकत नोंदवली आहे, ज्याच्याकडे नकाशा आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरचा दाखला आहे, तो नोटिशीला उत्तर देऊ शकतो. मदरशावर विनापरवाना तिसरा मजला चढवून मग अन्याय झाला म्हणणं सोपं आहे. त्या मजल्याखाली शिकायला बसतात ती मात्र आपलीच मुलं.

तुमच्याकडून मला तीन कामं हवी आहेत. भारतीय मानकं आता ब्युरोकडून फुकट उतरवून घेता येतात. ती इंग्रजीत आहेत. आपल्या कितीतरी घरांत इंग्रजी वाचणारे तुम्हीच पहिले आहात. मातीच्या घरांसाठी आयएस 13827 आहे, वीट-दगडाच्या साध्या घरांसाठी आयएस 13828 आहे. त्यातली चित्रं मोहल्ल्यातल्या मिस्त्रींना आणि सेंटरिंगवाल्यांना मराठीत समजावून सांगा. दुसरं, आपले दोन्ही तालुके पेसा क्षेत्रात आहेत, इथे ग्रामसभेला वजन आहे. पाड्यावरच्या मित्रांना सोबत घ्या आणि घरकुलात सलग पट्टा हवा, त्याचा खर्च योजनेत धरा, असा ठराव मांडा. तिसरं, तुमच्या शाळेच्या, मशिदीच्या, शादीखान्याच्या इमारतीचा स्ट्रक्चरल दाखला कुठे आहे ते विचारा. सरकारी इमारत असेल तर माहिती अधिकारात अर्ज करा. आपली असेल तर जुम्याच्या नमाजनंतर विश्वस्तांना विचारा, अदबीने, पण उत्तर मिळेपर्यंत.

हरकतींची पुढची जाहिरात वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर, बारीक अक्षरात येईल. ज्याला ती दिसेल त्याने कापून जपून ठेवावी आणि इतरांना कळवावं. अर्ज आपण एकत्र बसून लिहू.