बंदी घाला, पण पर्यायही द्या

(तीर्थपुरी, ता. घनसावंगी, जि. जालना येथील बैठकीतील भाषण)



कापूस-ज्वारी सोडून मी आज आभाळातल्या भोकाची गोष्ट सांगणार आहे. ती आपल्या कामाची आहे.

जमिनीपासून पंधरा ते पस्तीस किलोमीटर उंचीवर ओझोन वायूचा थर आहे. उन्हातले घातक किरण तो वरच्यावर अडवतो. तो विरळ झाला, तर दिवसभर उघड्या रानात राबणाऱ्याच्या कातडीला, डोळ्यांना आणि उभ्या पिकालाही धोका. फ्रीज, एअरकंडिशनर आणि फवाऱ्याच्या डब्यांतला सीएफसी वायू हा थर खात होता. १९८५ साली ब्रिटिश शास्त्रज्ञांनी अंटार्क्टिकावरचे भोक जगाला दाखवले. १९८७ साली माँट्रियलला करार झाला, हे वायू बंद करायचे.

आता खरा मुद्दा. वायू सोडला मुख्यतः श्रीमंत देशांनी. आपल्या खेड्यांत तेव्हा फ्रीज होते किती? भारत आणि चीन म्हणाले, बंदी मान्य, पण नवे तंत्र द्या, बदलाचा खर्च द्या. १९९० साली लंडनच्या बैठकीत त्यासाठी निधी ठरला. गरीब देशांना दहा वर्षांची जादा मुदत होतीच. १९९२ साली भारत करारात सामील झाला. कारखान्यांना बदलासाठी पैसा मिळाला आणि २००८ साली, दम्याच्या औषधापुरता अपवाद ठेवून, देशातले सीएफसीचे उत्पादन थांबले.

फळ काय? संयुक्त राष्ट्रांच्या २०२३ च्या अहवालानुसार बंदी घातलेल्या द्रव्यांपैकी जवळजवळ ९९ टक्के वापर संपला आहे. हेच धोरण टिकले, तर बहुतेक जगावरचा थर २०४० च्या सुमारास १९८० च्या पातळीवर येईल, अंटार्क्टिकावरचा २०६६ च्या सुमारास.

पण ज्वारी हुरड्यात आली आणि राखणदार माळ्यावरून उतरला, की पाखरांचे थवे पडतात. २०१८ साली बंदी असलेल्या एका वायूचे उत्सर्जन पुन्हा वाढताना सापडले. माग पूर्व चीनपर्यंत लागला. बोभाटा झाला, तेव्हा ते पुन्हा घटले. हवा मोजणारे जागे होते म्हणून चोरी पकडली गेली.

उद्या आपल्याही दारी कुणी येईल. हे औषध बंद, ती फवारणी बंद म्हणेल. माती आपली, पाणी आपले, विहिरीत विष उतरले तर पिणारी लेकरेही आपलीच. घातक असेल ते बंद व्हायलाच हवे. पण आपण तीन प्रश्न विचारू. पर्याय कोणता? मुदत किती? खर्च कुणाचा? हेच प्रश्न आपल्या देशाने जगाला विचारले होते. त्यांची उत्तरे मिळाली, म्हणून आभाळ सांधते आहे.